चॅप्टरची आठवण कुणी जपायची? अमेरिकी फ्रॅटर्निटीत सभासद घडवणं आणि माजी सभासदांशी धागा टिकवणं

फ्रॅटर्निटी म्हणजे अमेरिकी कॉलेजांतली विद्यार्थ्यांची बंधुसंस्था, आणि चॅप्टर म्हणजे एका कॉलेजातली तिची शाखा. साठ सभासदांचा एक चॅप्टर डोळ्यांसमोर आणा. दर मे महिन्यात साधारण पंधरा जण पदवी घेऊन बाहेर पडतात, तेवढेच नवे यावे लागतात आणि चार वर्षांत अख्खी संस्था बदलून जाते. नाव, घर आणि भिंतीवरचे गटफोटो तेवढे उरतात. आपल्याकडच्या गणेश मंडळात वीस-वीस वर्षं एकच खजिनदार असतो आणि जुनी पावतीपुस्तकं त्याच्या कपाटात असतात. फ्रॅटर्निटीचा खजिनदार स्वतःच वीस वर्षांचा असतो, आणि पुढच्या वर्षी तो त्या पदावर नसतो.

बहुतेक चॅप्टर आपली सगळी मेहनत नव्या सभासदाच्या पहिल्या आठ आठवड्यांवर ओततात, चौथ्या वर्षाच्या सभासदाकडे पाठ फिरवतात आणि तो नोकरीला लागला की त्याच्याकडे देणगी मागतात. मग माजी सभासद उत्तर देत नाहीत म्हणून कुरकुर करतात. अमेरिकेत पदवीला गेलेल्या किंवा तिथेच वाढलेल्या ज्या मराठी मुलांनी नुकतं सभासदत्व घेतलं आहे किंवा पद स्वीकारलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सोरोरिटीला, म्हणजे मुलींच्या अशाच संस्थेलाही, यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

आधी कोण कोण आहे ते समजून घ्या

ग्रीक अक्षरांच्या नावाची पहिली संस्था म्हणजे फाय बीटा कप्पा. ती १७७६ मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाली आणि आज ती केवळ गुणवत्तेची मानद संस्था आहे. आज आपण ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो तो प्रकार १८२५ नंतर न्यू यॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात रुजला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा १९०६ मध्ये कॉर्नेलला सुरू झाली. दक्षिण आशियाई मुलांच्या संस्था बऱ्याच अलीकडच्या: बिंगहॅम्टनची आयोटा न्यू डेल्टा १९९४ ची, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली सिग्मा बीटा रो १९९६ ची, ऑस्टिनची डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ची आणि यूसीएलएची बीटा काय थीटा १९९९ ची. एमएसला गेलेल्यांचा इथे नेहमी गोंधळ होतो. या सोशल फ्रॅटर्निटी मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांच्या असतात. थीटा टाऊ ही अभियांत्रिकीची व्यावसायिक फ्रॅटर्निटी आहे, तर टाऊ बीटा पाय ही मानद. तिचं निमंत्रण गुणांवर येतं. तिथे ना घर, ना पार्टी.

तुमच्या चॅप्टरमागे चार वेगळ्या संस्था असतात आणि त्यांची सरमिसळ केली की भांडणं होतात. चॅप्टर म्हणजे तुम्ही विद्यार्थी. राष्ट्रीय मुख्यालय सनद देतं, विमा काढतं आणि वेळ आली तर सनद काढूनही घेतं. घर बहुधा हाऊस कॉर्पोरेशनच्या मालकीचं असतं. ही माजी सभासदांची स्वतंत्र नोंदणीकृत कंपनी असते, म्हणजे तुम्ही तिचे भाडेकरू. चौथं सल्लागार मंडळ, त्यातही माजी सभासदच असतात. छप्पर गळलं तर कुणाला फोन करायचा आणि तक्रार आली तर कुणाला, हे नवीन अध्यक्षाला पहिल्या आठवड्यातच ठाऊक पाहिजे.

बिड स्वीकारण्यापूर्वी

सभासदत्वाचं आमंत्रण म्हणजे बिड. ते हातात आलं की मुलं हुरळून जातात आणि त्याच दिवशी सही करतात. सही करायच्या आधी एवढं बघा.

१. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हेझिंगचा, म्हणजे नव्या सभासदांच्या छळाचा, अहवाल शोधा. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या संघीय कायद्यानुसार, दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची नावं, घडलेला प्रकार आणि झालेली कारवाई विद्यापीठाला जाहीर करावी लागते. तिथे चॅप्टरचं नाव नसलं म्हणजे सगळं आलबेल आहे असं समजू नका. चौकशी पूर्ण होऊन दोष सिद्ध झालेलीच प्रकरणं त्यात येतात.

२. खर्च लेखी मागा, आणि फोड करून मागा: नव्या सभासदाचं शुल्क, दीक्षाशुल्क (पूर्ण सभासद करून घेण्याच्या विधीचं), विमा, चॅप्टरची सत्रवर्गणी, घराची फी, कपड्यांचा आणि फोटोंचा खर्च, गैरहजेरीचा दंड. सत्राला काही शे डॉलरपासून हजाराच्या पुढेही आकडा जातो, आणि घरात राहिलात तर भाडं आणि मेस वेगळी. ‘साधारण इतके होतात’ असं उत्तर आलं की समजा, खजिनदाराकडे अंदाजपत्रकच नाही.

३. दुसऱ्या वर्षी घरात राहणं सक्तीचं आहे का, ते विचारा. सक्ती असेल आणि तुम्ही डॉर्मचा, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहाचा, करार आधीच केला असेल, तर तो मोडण्याचा दंड तुमच्याच खिशातून जाईल.

४. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर सभासद व्हायला अडचण नाही, पण ‘घराचं व्यवस्थापन बघ, भाडं माफ’ हा प्रस्ताव सरळ स्वीकारू नका. कामाच्या बदल्यात मिळालेली खोलीही मोबदल्यात धरली जाते. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा.

५. गुणांची माहिती चॅप्टरला देण्याच्या संमतीपत्रावर सही मागतात. १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार कॉलेजातल्या विद्यार्थ्याचे गुण त्याच्या संमतीशिवाय सहसा इतरांना देता येत नाहीत, म्हणून हा कागद. सही करायला हरकत नाही, फक्त ते गुण कोण बघणार ते विचारा. शिष्यवृत्ती प्रमुखाने बघणं ठीक. ते गटात मोठ्याने वाचून दाखवले जात असतील तर ठीक नाही.

पहिले आठ आठवडे

नव्या सभासदाचा काळ बहुतेक ठिकाणी सहा ते आठ आठवड्यांचा असतो. काही संस्थांनी तो मोडीतच काढला आहे. सिग्मा अल्फा एप्सिलॉनने २०१४ मध्ये ‘प्लेज’ ही उमेदवारीची पायरीच रद्द केली, आणि बिड स्वीकारल्यावर काही दिवसांतच पूर्ण सभासदत्व द्यायला सुरुवात केली. यामागचं कारण सरळ आहे: उमेदवारीचा काळ जितका लांब, तितका जुन्यांच्या हातात नव्यांवरचा अधिकार जास्त.

मराठी वाचकाला रॅगिंग नवीन नाही. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. हेझिंगमध्ये एक जास्तीचा पेच आहे. रॅगिंग होणाऱ्या मुलाला ते नको असतं, हेझिंग होणारा मुलगा मात्र सभासदत्वाची किंमत म्हणून ते स्वतःहून सोसतो, आणि पुढच्या वर्षी वसूलही करतो. म्हणूनच अनेक राज्यांत ‘त्याची संमती होती’ हा बचाव चालत नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये, पेन स्टेटमधल्या एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर, गंभीर हेझिंगला फेलनी, म्हणजे मोठ्या गुन्ह्यांच्या वर्गातला गुन्हा, ठरवलं. कुठलीही कृती ठरवताना एक प्रश्न पुरतो: हे दुपारी बारा वाजता, दार उघडं ठेवून, सल्लागार आणि आईवडील समोर बसलेले असताना कराल का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर ती कृती यादीतून काढा. तिला नियमांत बसवण्याचा खटाटोप करू नका.

आराखडा साधा ठेवा. आठवड्याला एकूण चार-पाच तास, त्याहून अधिक नाही, आणि रात्री दहानंतर काहीच नाही. पहिल्या बैठकीत पैसे, नियम, तक्रार कुठे करायची आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करायला कुणाचीही परवानगी लागत नाही, हे सांगा. मदत बोलावणाऱ्याला संरक्षण देणारे नियम अनेक राज्यांत आणि विद्यापीठांत आहेत. तुमच्याकडचा नियम छापून स्वयंपाकघरात चिकटवा. त्याच बैठकीत प्रत्येकाने आपापले सिलॅबस उघडून सगळ्या परीक्षांच्या आणि सबमिशनच्या तारखा एका कॅलेंडरवर टाकायच्या. त्या कॅलेंडरवरून कळेल कुठला आठवडा मोकळा सोडायचा ते. चौथा-पाचवा आठवडा मिडटर्मचा असतो, तेव्हा कार्यक्रम शून्य.

इतिहासाला एक संध्याकाळ द्या, दीड तास. इथे हमखास घसरण होते. संस्थापकांची नावं आणि ग्रीक मुळाक्षरं घोकून घेणं सोपं, मोजायलाही सोपं, म्हणून सगळा वेळ त्यातच जातो. एक बैठक अंदाजपत्रक वाचायला ठेवा. एक दारू, संमती आणि मध्ये पडून मित्राला थांबवणं यावर, आणि ती विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातल्या माणसाकडून. सेवेचा एक कार्यक्रम नव्यांनी जुन्यांबरोबर आखायचा, नुसतं राबायचं नाही. सातव्या आठवड्यात वेगवेगळ्या वयाचे तीन माजी सभासद बोलवा: एक दोन वर्षांपूर्वीचा, एक दहा, एक तीस. भाषण नको. काय कामी आलं आणि काय फुकट गेलं, एवढंच विचारा.

‘बिग-लिटल’, म्हणजे जुना सभासद मोठा भाऊ आणि नवा धाकटा, अशा जोड्या लावण्याची रात्र धोक्याची असते. मोठा भाऊ धाकट्याला बाटली देतो, ती ‘परंपरा’ असते, आणि एकवीस वर्षांखालच्या मुलाला दारू देणं हा तिथे गुन्हा आहे. ही जोडी सकाळच्या नाश्त्याला जाहीर करा. बाटली आपोआप गळते. जोड्या लावताना लोकप्रिय मुलाच्या वाट्याला तीन धाकटे येतात आणि तो एकालाही वेळ देत नाही. एकाला एक हा नियम पाळा. उत्तर अमेरिकी इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्स या फ्रॅटर्निटींच्या संघटनेच्या सभासद संस्थांनी २०१९ पासून पंधरा टक्क्यांहून अधिक तीव्रतेची दारू घरात बंद केली आहे, परवानाधारक बाहेरचा विक्रेता असेल तेवढा अपवाद. वोडका ‘फक्त खोलीत’ असली तरी ती घरातच असते.

दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, आणि विसरलेलं चौथं

सभासद खरा घडतो तो दीक्षेनंतर, आणि नेमका तिथेच आराखडा संपलेला असतो.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक छोटं काम द्या. त्यासोबत थोडे पैसे असावेत आणि एक तारीख असावी. तीनशे डॉलर, पालकांचा एक दिवस, अमुक शनिवार. ‘समितीत ये’ असं म्हटलेला मुलगा दोन बैठकांत गळतो. काम संपलं की एक पानाची नोंद त्याने लिहायची: किती लोक आले, कुठे किती खर्च झाला, पुढच्या वेळी काय बदलावं.

तिसऱ्या वर्षी पदं येतात. खजिनदाराचं पद सर्वांत कठीण, आणि ते बहुधा नाही म्हणता न येणाऱ्याच्या गळ्यात पडतं. त्याचं गणित समजून घ्या. साठ सभासद, प्रत्येकी चारशे डॉलर, म्हणजे सत्राला २४,००० डॉलर. सहा जणांनी दिले नाहीत की २,४०० ची खोट. मुख्यालयाचं बिल मात्र तुम्ही कळवलेल्या पटावरून माणशी येतं, त्याने वर्गणी भरली की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. म्हणून पट पाठवण्याची शेवटची तारीख यायच्या आधी सोडून गेलेल्यांची नावं काढा, आणि अंदाजपत्रक नव्वद टक्के वसुली धरून करा. अडचणीतल्या मुलाला हप्ते बांधून द्या, लेखी. तोंडी सवलत दिली की दुसऱ्या सत्रात तीच मागणी दहा जण घेऊन येतात.

करखात्याचा कागद सर्वांत जास्त वेळा विसरला जातो. चॅप्टर बहुधा ५०१(सी)(७) या करमुक्त क्लबांच्या वर्गात मोडतो. वर्षाची एकूण जमा सर्वसाधारणपणे ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ९९०-एन हा छोटा ऑनलाइन फॉर्म पुरतो. आर्थिक वर्ष संपल्यानंतर पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तो भरायचा, म्हणजे वर्ष ३० जूनला संपत असेल तर १५ नोव्हेंबर. लागोपाठ तीन वर्षं चुकला की करमुक्ती आपोआप रद्द होते. तीन वर्षं म्हणजे तीन खजिनदार, आणि प्रत्येकाला वाटतं की आधीच्याने भरला असेल. त्यात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निवडणुका होतात, त्यामुळे ही तारीख नेमकी जाणाऱ्या आणि येणाऱ्या माणसाच्या मधल्या फटीत पडते.

सूत्रं सोपवायला तीन आठवडे ठेवा. पहिल्या आठवड्यात नवा माणूस जुन्याच्या मागे फिरतो, दुसऱ्यात नवा काम करतो आणि जुना बघतो, तिसऱ्यात बँकेतल्या सह्या, पासवर्ड आणि किल्ल्या बदलतात. खाती पदाच्या ईमेलवर ठेवा, माणसाच्या नाही. बँकेत एक सही सल्लागाराचीही असू द्या. बदलीच्या काळात दोन्ही विद्यार्थी परीक्षेत अडकले, तर विजेचं बिल भरायला कुणीतरी लागतं.

आता चौथं वर्ष. मुलगा घराबाहेर राहायला गेलेला, मुलाखती चालू, बैठकीला येणं नको वाटतं, आणि पूर्ण वर्गणी भरताना जीवावर येतं. चॅप्टर त्याला गैरहजेरीचा दंड लावतो. शेवटच्या सहा महिन्यांची ही आठवण पुढची तीस वर्षं राहते. यावर दोन उपाय बरे. एक, चौथ्या वर्षासाठी बैठका निम्म्या करा आणि वर्गणीत घराच्या कार्यक्रमांचा भाग वगळा; अंदाजपत्रकात ही तूट आधीच धरा. दोन, त्या बदल्यात एकच काम मागा: दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांचे रेझ्युमे तपासणं, किंवा ज्या कंपनीत इंटर्नशिप केली तिथल्या मुलाखतीची दोन पानी टिपणं. त्याच्याकडे त्या वेळी नेमकं हेच असतं, आणि धाकट्यांना तेच हवं असतं.

एप्रिलमध्ये प्रत्येक जाणाऱ्याशी वीस मिनिटं बसा. काय खटकलं ते विचारा आणि लिहून घ्या, वाद घालू नका. आणि वैयक्तिक ईमेल तिथल्या तिथे टाइप करून, त्यावर एक मेल पाठवून, पोचल्याची खात्री करून घ्या. कॉलेजचा पत्ता पुढे अनेक ठिकाणी बंद होतो आणि पंधरा माणसं एका झटक्यात हरवतात.

माजी सभासद: आधी यादी, मग पत्र, पैसे सर्वांत शेवटी

महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. ते शिकलेला मुलगा दोन वर्षांत जातो. एक साधी शीट पुरते: नाव, दीक्षेचं वर्ष, पदवीचं वर्ष, वैयक्तिक ईमेल, फोन, शहर आणि देश, क्षेत्र, बिग कोण होता, शेवटचा संपर्क कधी आणि कुणी केला, संपर्क नको असल्यास तशी खूण. ‘बिग कोण’ हा रकाना विनोदी वाटतो, पण हरवलेला माणूस शोधायचा सर्वांत खात्रीचा रस्ता तोच आहे. मेल परत आला की त्याच्या बिगला किंवा लिटलला विचारायचं. शीट बघण्याचा अधिकार तीन जणांना, त्यातला एक सल्लागार, आणि ती सभासदांच्या गटावर कधीही टाकायची नाही.

वर्षाला तीन पत्रं: सप्टेंबर, जानेवारी, मे. एकाच पानाची. सप्टेंबरच्या पत्रात काहीही मागायचं नाही. नवे सभासद कोण, गावं कुठली, चॅप्टरचे सरासरी गुण किती, घरात काय दुरुस्त झालं, एवढंच. वाईट बातमी असेल, समजा चौकशी चालू आहे, तर सल्लागाराला विचारून ती स्वतःच आणि लवकर कळवा. माजी सभासदाला ती वर्तमानपत्रातून कळली की पुढची पाच वर्षं तो पत्र उघडत नाही.

मार्गदर्शनाच्या वर्षभराच्या योजना मोठ्या थाटात सुरू होतात आणि ऑक्टोबरमध्ये विझतात. त्यापेक्षा एक अर्ध्या तासाचा फोन ठरवा. विद्यार्थ्याने आधी तीन प्रश्न लेखी पाठवायचे, वेळ पाळायची, दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल टाकायचा आणि महिन्याने काय झालं ते कळवायचं. हा शेवटचा मेल बहुतेक मुलं विसरतात, आणि तो मिळालेला माजी सभासद पुढचा फोन स्वतःहून घेतो.

पुण्या-मुंबईला परतलेल्यांसाठी घड्याळ सांभाळा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा, आणि हिवाळ्यात साडेसात. दोन्ही बाजूंना रविवार सोयीचा: तिकडे सकाळी साडेदहा, इकडे रात्री आठ किंवा नऊ.

शरदातल्या होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या कॉलेजभेटीच्या सोहळ्याला, गर्दी होते, काम होत नाही. फुटबॉलचं वेळापत्रक लागल्याच्या आठवड्यातच तारीख कळवा, कारण कॉलेजच्या गावात खोल्या भराभर भरतात. बोलणं घडतं ते शहरातल्या आठ-दहा जणांच्या जेवणात. याबाबतीत कृष्णवर्णीयांच्या संस्थांकडून शिकण्यासारखं आहे. त्यांचे शहरोशहरी पदवीधरांचे चॅप्टर असतात, तिथे वर्गणी, बैठका, सेवाकार्य सगळं चालू राहतं, आणि पन्नाशीतला माणूसही ‘मी सभासद होतो’ न म्हणता ‘मी सभासद आहे’ असंच म्हणतो.

पैसे मागताना दोन गोष्टी स्पष्ट लिहा. चॅप्टरला दिलेल्या पैशावर देणगीची करवजावट मिळत नाही, ती ५०१(सी)(३) या धर्मादाय वर्गातल्या फाउंडेशनला दिलेल्या देणगीवर मिळते, आणि फाउंडेशनचा पैसा मुख्यतः शिक्षणासाठीच वापरता येतो, पार्टीसाठी नाही. आणि ‘चॅप्टरला मदत करा’ असं लिहू नका. अभ्यासिकेच्या बारा खुर्च्या, एकूण किंमत इतकी, आतापर्यंत जमले इतके, असं लिहा.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणारा माजी सभासद प्रत्येक चॅप्टरला असतो. पदवीनंतर पहिल्या दोन-तीन वर्षांतले जास्त अवघड: खिशात पगार, वय एकवीसच्या पुढे, आणि मित्र अजून घरात. नियम लेखी ठेवा. नव्या सभासदांच्या कार्यक्रमाला माजी सभासद फक्त निमंत्रणावरून येईल, सोबत दारू आणणार नाही, आणि पदवीनंतर किमान तीन वर्षं सल्लागार होणार नाही. हे सांगायचं काम एकोणीस वर्षांच्या अध्यक्षावर टाकू नका, ते सल्लागार मंडळाने करायचं.

शीटमध्ये आणखी एक रकाना लागतो: निधनाची तारीख. बातमी कळली की त्याच दिवशी नोंद करा, पत्रांच्या आणि देणगीच्या यादीतून नाव काढा, फाउंडेशनला आणि मुख्यालयाला वेगळं कळवा, कारण त्यांच्या याद्या वेगळ्या असतात. त्याच्या बॅचच्या लोकांना फोनने सांगा. कुटुंबाला हाताने लिहिलेलं पत्र आणि चॅप्टरच्या संग्रहात त्याचे फोटो असतील तर त्यांच्या प्रती पाठवा. त्या पाकिटात दुसरं काहीही घालू नका.